हातभार लावला म्हणून घर आपले होत नाही

आज दुपारी एका जुन्या स्नेह्यांच्या मुलाचे नवे घर पाहून आले आणि तेव्हापासून डोके ठिकाणावर नाही. घर सुरेख आहे. लहानसे, भरपूर उजेडाचे, आणि त्या मुलाचे व सुनेचे पहिलेच. तक्रार घराबद्दल नाही. घर दाखवायला मुलगा पुढे झाला, तर वडिलांनी त्याला हातानेच मागे सारले आणि सगळ्या पाहुण्यांना स्वतः खोल्याखोल्यांतून फिरवले. "हा ओटा यांनी भलत्याच बाजूला घेतला होता, मी बदलायला लावला. ही खिडकी माझ्यामुळे मोठी झाली. ही खोली आमची, आम्ही आलो की इथेच राहणार." आणि शेवटी बैठकीच्या खोलीत मधोमध उभे राहून, सगळ्यांच्या देखत, "अहो, निम्मे पैसे आमचेच आहेत की!" मुलाच्या हातात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे होता. तो हसला. कसा हसला ते मी पाहिले. सून त्याआधीच स्वयंपाकघरात गेली होती, ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

त्या गृहस्थांचे नाव मी लिहिणार नाही, पण त्यांनी हे वाचले तरी माझी हरकत नाही.

मिळवत्या मुलाला पहिले घर घेताना आईवडिलांनी मदत करावी की नाही, हा प्रश्न माझ्या लेखी केव्हाच निकालात निघालेला आहे. ऐपत असेल तर करावी आणि हातचे राखून न ठेवता करावी. "आम्हाला कोणी दिले होते?" हे वाक्य ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आपल्याला कोणी दिले नाही म्हणून किती ओढाताण झाली, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? मग तीच ओढाताण मुलांच्याही वाट्याला यावी, असा आग्रह धरण्यात कसला आला आहे मोठेपणा? मुलांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे हे मलाही मान्य आहे, परंतु वीस वर्षे दर महिन्याला बँकेचा हप्ता भरणारा माणूस स्वतःच्या पायावर उभा नाही, असे कोण म्हणेल?

माझ्या मुलीने घर घ्यायचे ठरवले, तेव्हा ती एका रविवारी आमच्याकडे आली आणि तिने जेवणाच्या टेबलावर कर्जफेडीचा छापील तक्ता पसरला. मुदत २० वर्षे, व्याज ९ टक्के, म्हणजे २४० हप्ते आणि २४० ओळी. प्रत्येक ओळीत त्या हप्त्यातले व्याज किती आणि मुद्दल किती, ते वेगवेगळे लिहिलेले. मी आयुष्यभर घरचा हिशेब ठेवला आहे, तरी तो तक्ता वाचताना माझे डोळे पांढरे झाले. पहिल्या हप्त्याचे सहा भाग केले तर पाच भाग नुसते व्याज आणि एकच भाग मुद्दल. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता भरल्यावरसुद्धा मूळ कर्जातले सुमारे ७१ टक्के शिल्लकच. निम्मे मुद्दल फिटते त्या ओळीखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली होती आणि ती रेघ होती १४ वर्षे संपतात तिथे. तितक्या काळात बाळाचे शाळकरी मूल होते.

मग तिने दुसरा तक्ता काढला. हप्ता तोच, व्याज तेच, फक्त सुरुवातीलाच दहा टक्के रक्कम जास्तीची भरली तर कर्ज त्या प्रमाणात कमी घ्यावे लागेल, तेव्हा काय होईल याचा. त्यात २४० ऐवजी १८६ ओळी होत्या. साडेचार वर्षांचे हप्ते कागदावरून नाहीसे झाले होते, दुसरा तक्ता पहिल्यापेक्षा चांगला दीड पानाने आखूड होता. तिने पैसे मागितले नाहीत. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ती एवढेच म्हणाली, "आई, फरक एवढाच आहे."

आता सांगा, हेच दहा टक्के आम्ही मृत्युपत्रात लिहून ठेवले असते आणि देवाने आम्हाला चांगले आयुष्य दिले असते, तर ते तिच्या हातात कधी पडले असते? तिच्या निवृत्तीच्या सुमारास. तोपर्यंत ती साडेचार वर्षे व्याजात गेलेली असती. मुलांसाठी साठवायचे आणि मुलांचे केस पांढरे झाल्यावर त्यांना द्यायचे, या हिशेबाला लोक दूरदृष्टी म्हणतात. मला त्यात दृष्टी कुठेच दिसत नाही.

पण पैसे देणे हा या गोष्टीतला सोपा भाग आहे. आम्ही रक्कम द्यायचे ठरवल्यावर बँकेने आमच्याकडून एक पत्र मागितले. घर घेणाऱ्याचा स्वतःचा म्हणून जो हिस्सा असतो तो नेमका कुठून आला, हे बँकेला कळायला हवे असते. आईवडिलांनी दिलेली रक्कम उसनी असेल तर तीही फेडायची आहे असे धरले जाते आणि मग कर्ज तेवढे कमी मिळू शकते. म्हणून त्या पत्रात लिहिलेले होते की, ही रक्कम आम्ही मुलीला बक्षीस म्हणून देत आहोत, ती परत मागणार नाही आणि तिच्या मोबदल्यात या घरावर आमचा कोणताही हक्क राहणार नाही. आमच्या यांनी ते पत्र दोनदा वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे जरा जास्तच होते आहे." त्याच आठवड्यात आमच्या एका नातलगांनी फोनवरून सल्ला दिला होता की, देता आहात तर द्या, पण कागदावर निदान एकाचे तरी नाव घालून ठेवा. तो सल्ला यांच्या डोक्यात घोळत असावा. टेबलापलीकडे मुलगी बसली होती आणि ती आमच्याकडे न बघता नखाने फाइलचा कोपरा उचकटत होती. मी पेन घेतले आणि आधी सही केली. मग यांनीही केली.

बँकेला आमच्या नात्यागोत्याशी काडीचे देणेघेणे नव्हते, तिला तिच्या कर्जाची काळजी होती. तरीही त्या रुक्ष पत्रात जे लिहिले होते ते प्रत्येक देणाऱ्या आईबापाने, बँकेने मागितले नाही तरी, एकदा स्वतःशी मोठ्याने वाचावे असे मला वाटते. परत मागणार नाही, हक्क सांगणार नाही. ज्याला हे दोन्ही झेपत नसेल त्याने उसने द्यावे, रीतसर लिहून द्यावे, महिन्याच्या महिन्याला परत घ्यावे. त्यात काहीही गैर नाही. निदान उसने घेणारा मिंधा राहत नाही, कारण ते फिटते. निम्मे पैसे आमचेच, हे वाक्य मात्र कधीच फिटत नाही.

आणि "नुसते नाव घालून ठेवा" म्हणणाऱ्यांना तरी माहीत असते का, आपण काय सांगतो आहोत ते? कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून नाव घातले की त्या संपूर्ण कर्जाची जबाबदारी आपल्यावरही येते, अर्ध्याची नव्हे. जामीनदार झालात तरी मुलाचे हप्ते थकल्यावर बँक आपल्याच दारात उभी राहणार, आणि पुढे स्वतःला कर्ज काढायची वेळ आली तर हे कर्ज आपल्याही खाती धरले जाणार. शिवाय सहकर्जदार असणे म्हणजे मालक असणे नव्हे, ते दोन कागद निराळे असतात, आणि एकावर नाव असून दुसऱ्यावर नसलेली माणसे मी पाहिली आहेत. एवढे सगळे पत्करून वर मुलाला कायमचे दडपणाखाली ठेवायचे, तर त्यातून मिळवले काय?

मान्य, पैसे घेऊन आईबापांकडे पाठ फिरवणारी मुलेही असतात. आणि स्वतःचे राहते घर विकून, मुलाबरोबर कायमचे राहायला जायचे म्हणून पैसे घातले असतील, तर आईवडिलांचे नाव मालकीच्या कागदावर पहिल्या दिवसापासून असायलाच हवे. तिथे भिडेखातर गप्प बसू नये. पण ती मदत नव्हे, ती एकत्र केलेली खरेदी आहे. दोन्हींची सरमिसळ करून कोणी माझ्याशी वाद घालू नये.

तसेच, म्हातारपणाची पुंजी मोडून देऊ नये. घरासाठी कर्ज मिळते, म्हातारपणासाठी कोणी देत नाही. ज्यांच्याजवळ नाही त्यांनी सरळ नाही म्हणावे. वेळेवर आलेले "नाही" ऐकून मूल लहान घर बघते, दोन वर्षे थांबते, काहीतरी मार्ग काढते. मला चीड येते ती "बघू" म्हणणाऱ्यांची. तोंडभरून होकार द्यायचा, त्या भरवशावर पोराने विसार देऊन बसायचे आणि मग अटींची यादी बाहेर काढायची: घर आमच्या जवळच हवे, वरच्या मजल्यावर नको, सुनेचे नाव कागदावर नको. व्यवहार मोडला तर विसार बुडणार हे मुलाला माहीत असते, बापालाही माहीत असते. पोटच्या पोराची अशी कोंडी करणाऱ्याला मी मदत करणारा म्हणणार नाही, मग त्याने कितीही रक्कम मोजलेली असो.

आमच्या धाकट्याला आम्ही त्याच दिवशी, बँकेतून परतल्यावर, किती दिले ते सांगितले. लपवण्यासारखे त्यात काय होते? "माझ्या वेळी काय?" असे त्याने स्पष्ट विचारले, ते मला आवडले. तुझ्या वेळी तेवढेच, आणि तोवर आम्ही नसलो तर मृत्युपत्रात तुझ्या हिश्शात तेवढे जास्त, असे आम्ही लिहून ठेवले आहे. भावंडांत फूट पडते ती बहुतेक वेळा रकमेवरून नाही, मागाहून कळल्यावरून पडते.

मुलीने नव्या घरात बैठकीच्या खोलीची एक भिंत गडद निळ्या रंगाची केली आहे. मला तो रंग मुळीच आवडलेला नाही. संध्याकाळी दिवा लावेपर्यंत खोली उदास दिसते, असे माझे ठाम मत आहे आणि ते मी आज प्रथमच इथे लिहीत आहे, कारण ती माझ्या पोस्ट वाचत नाही. पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा हे न्हाणीघरातला नळ उघडझाक करून बघत होते आणि "हा जरा खाली घ्यायला हवा होता" असे म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "तुम्ही सही केली आहे." त्यांनी नळ बंद केला. तेव्हापासून आमच्या घरात तो परवलीचा शब्द झाला आहे, आणि खरे सांगायचे तर तो माझ्यावरच जास्त वेळा वापरला जातो.

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे, म्हणून हेही लिहिते. ते गृहस्थ वाईट नाहीत. नोकरीभर ते मिळेल त्या जागेत राहिले, ओटा कुठे हवा आणि खिडकी केवढी हवी हे त्यांना कधी कोणी विचारले नाही. आज त्या खोल्यांतून फिरताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो खोटा नव्हता. त्यांनी पैसेही पोटाला चिमटा घेऊन साठवलेले आहेत, हे मला ठाऊक आहे. पण अहो, त्या घराचा उरलेला निम्मा भाग तुमचा मुलगा फेडणार आहे, एकेक ओळ करत, आणि त्यातली पहिली कित्येक वर्षे व्याजातच जाणार आहेत. त्याच्याच घरात, पहिल्याच दिवशी, तुम्ही त्याला पाणी देणारा पोऱ्या करून ठेवलेत. तुमच्या हौसेची किंमत त्याने का मोजावी?

खाली "पण आजकालची मुले..." अशी सुरुवात करून कोणी लिहिणार असेल, तर त्यांनी आधी आपल्या मुलाला फोन करून त्याचा हप्ता महिन्याच्या कोणत्या तारखेला जातो आणि तो गेल्यावर त्याच्या हातात किती उरते, ते विचारून यावे. मग खुशाल लिहावे, मी उत्तर देईन.