माझ्या एडिटरमध्ये चालतो, म्हणून कोड बरोबर?

कॅम्पस प्लेसमेंटचे दिवस आले की ठाणे-ऐरोलीकडच्या इंजिनिअरिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच: ‘कोड तुमच्या एडिटरमध्ये रन झाला म्हणजे तो बरोबरच आहे. टेस्टच्या सर्व्हरवर कंपाइल झाला नाही तर तिथला कंपाइलर जुना असतो. वर बिट्सवालं हेडर टाका, सगळं चालतं. नाहीच जमलं तर एडिटर काढून पुन्हा इन्स्टॉल करा. टर्बो सीचे प्रोग्रॅम आपल्या लॅबमध्ये इतकी वर्षं चालतायत, त्यामुळे चूक सर्व्हरचीच.’ (बिट्सवालं हेडर म्हणजे कोडच्या वर लिहायची एक ओळ, जी सी प्लस प्लसची तयार साधनं एकदम आत आणते. टर्बो सी म्हणजे कॉलेजच्या लॅबमधला जुना कंपाइलर.) मी नौपाड्यात प्रोग्रॅमिंग शिकवतो. दर बॅचला कोणीतरी हा मेसेज दाखवतंच, आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य पोरांना भलतीकडे धाडतं.

मुळात एडिटर ही कोड लिहायची जागा, तो कंपाइल करतच नाही. लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम करतो तो कंपाइलर. व्हीएस कोड या एडिटरच्या सी प्लस प्लस एक्स्टेन्शनबरोबर कंपाइलर येत नाही. तो तुम्ही वेगळा टाकलेला असतो, विंडोजवर बहुतेकदा मिनजीडब्ल्यू, म्हणजे जीसीसी या कंपाइलरचं विंडोजवरचं रूप. रनचं बटण दाबलं की मागे टर्मिनलला एक कमांड जाते. कुठला कंपाइलर, कुठल्या फाइल्स, कुठले फ्लॅग (म्हणजे कंपाइलरला द्यायच्या सूचना), कुठल्या फोल्डरमधून, हे सगळं त्या एका ओळीत ठरतं. ती ओळ बहुतेकांनी कधी वाचलेलीही नसते. कोडखालच्या लाल रेघा तर आणखी तिसऱ्याच ठिकाणाहून येतात. त्या काढणाऱ्या यंत्रणेला सी प्लस प्लस १७, म्हणजे भाषेचं २०१७ चं मानक, सांगितलेलं असतं आणि कमांडमध्ये काहीच नसतं, असंही होतं. म्हणून रेघ नाही याचा अर्थ कंपाइल होईल असा नाही, आणि रेघ आहे म्हणजे होणार नाही असंही नाही.

जावावाल्यांनी हसू नये. जावासाठीचा एडिटर एक्लिप्स स्वतःचा कंपाइलर वापरतं, जावाचा नेहमीचा कंपाइलर जावासी नव्हे, आणि जेनेरिक्सच्या (एकच कोड अनेक प्रकारच्या डेटासाठी लिहायच्या सोयीच्या) अवघड जागी या दोघांचं कधीकधी पटत नाही. त्याहून गंमत म्हणजे, एरर असलेला कोडही एक्लिप्स तुम्हाला विचारून चालवू देतं. बिघडलेल्या मेथडपाशी पोचेपर्यंत प्रोग्रॅम सुरळीत. मग ‘सर, चालला होता’ हे खरंच असतं!

आता ‘सर्व्हरचा कंपाइलर जुना’. कधीकधी असतो. जीसीसीच्या ६ ते १० या आवृत्त्या काही न सांगता सी प्लस प्लस १४ धरतात, ११ ते १५ या १७. तुमच्याकडे नवी आवृत्ती असेल तर १७ मध्ये आलेलं ‘ऑप्शनल’ बिनबोभाट चालतं आणि जुनीवर तेच नाव सापडत नाही. पण उपाय एका फ्लॅगचा आहे, भांडणाचा नाही. आणि अनेकदा सर्व्हर तुमच्यापेक्षा नवा निघतो. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ ने, फंक्शन जाहीर न करताच वापरलं तर नुसती वॉर्निंग देणं बंद केलं. आता सी मध्ये ती सरळ एरर आहे. सीच्या मानकाने ही सवलत १९९९ मध्येच काढली होती. स्ट्रिंग वाचायला ‘गेट्स’ वापरणाऱ्यांना याचा दणका हमखास बसतो, कारण २०११ च्या मानकातून ते फंक्शनच गेलं.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखही नाही ते कारण मला सर्वांत जास्त दिसतं: विंडोजवर लिहिलं, लिनक्सवर तपासलं. फाइलचं नाव कॅपिटल एसने ‘स्टॅक डॉट एच’, पण ती आत घेणाऱ्या इन्क्लुडच्या ओळीत स्मॉल एस. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सला ती फाइल अस्तित्वातच नाही.

दुसरं उदाहरण वर्गमुळाचं. सी मध्ये वर्गमूळ काढणारं ‘एसक्यूआरटी’ वापरलं, मिनजीडब्ल्यूवर चाललं, लिनक्सवर जीसीसी म्हणतं अनडिफाइन्ड रेफरन्स, म्हणजे हे फंक्शन सापडलंच नाही. तिथे गणिताची लायब्ररी वेगळी जोडावी लागते. कमांडच्या शेवटी ‘उणे एल एम’ लिहायचं. यात पोरं गोंधळतात ते का, तर कंसात थेट २५ लिहून पाहिलं तर कंपाइल होतं! कंपाइलर ते उत्तर आधीच काढून ठेवतो, लायब्ररीची गरजच पडत नाही. तोच आकडा ‘स्कॅनएफ’ने कीबोर्डवरून घेतला की लिंकर, म्हणजे प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणारा भाग, अडतो. मग ‘स्कॅनएफ बिघडलाय’ असा निष्कर्ष निघतो आणि बिचाऱ्या स्कॅनएफची उलटतपासणी सुरू होते.

बिट्सवालं हेडर ही जीसीसीच्या लायब्ररीची आतली सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरसोबत ते येत नाही, मॅकवरच्या क्लँग या कंपाइलरसोबतही नाही. (मॅकवर ‘जीसीसी’ टाइप केलं तरी उत्तर क्लँगच देतो, हेही लक्षात असू द्या.) हेडरांचा खरा घोळ वेगळाच. एक हेडर दुसऱ्याला आपसूक आत आणतं, तुम्ही त्यावर विसंबता, आणि पुढच्या आवृत्तीत ते आणणं बंद होतं. जीसीसी १३ मध्ये ‘सीएसटीडीइंट’ या हेडरबाबत असंच झालं आणि जगभरचे चालू प्रोजेक्ट अडले. जे वापरता त्याचं हेडर स्वतः लिहा.

एडिटर पुन्हा इन्स्टॉल करण्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. कमांड तीच, एरर तीच.

टर्बो सीचं म्हणाल तर सी प्लस प्लसचं पहिलं मानक १९९८ चं, आणि लॅबमधलं टर्बो त्याच्या आधीचं. ‘आयओस्ट्रीम डॉट एच’, ‘कोनिओ डॉट एच’ आणि ‘व्हॉइड मेन’ तिथे चालतात म्हणून बाहेर चालतील असं नाही. तिथे इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, दोन बाइटचा, त्यामुळे २०००० अधिक २०००० चं उत्तर उणे २५५३६ येतं. प्रोग्रॅम मात्र चालतो, अगदी वर्षानुवर्षं.

मग करायचं काय? टर्मिनल उघडा, एडिटर पाठवतो ती कमांड तिथे हाताने चालवा. कंपाइलरची आवृत्ती विचारा. मानक स्पष्ट लिहा, ‘वॉल’ आणि ‘पेडँटिक एरर्स’ हे कडक तपासणीचे फ्लॅग लावा, म्हणजे सर्व्हर जे बोलणार ते बरंचसं घरीच ऐकायला मिळेल. चाळीस एरर आल्या तर फक्त पहिली वाचा. पुढच्या बऱ्याचशा तिचीच पिल्लं असतात. कंपाइलर एक्सप्लोरर या साइटवर तोच कोड जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्टच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर फुकट तपासता येतो.

हे सगळं करूनही सर्व्हरच चुकला असेल, तर जरूर वाद घाला. तेव्हा सोबत कमांड, आवृत्ती आणि पहिली एरर द्या. ‘माझ्याकडे चालतंय’चा स्क्रीनशॉट नको.