टीए की सीडीएस?

परवा भाच्याचा फोन. "मामा, टेरिटोरियल आर्मीचा फॉर्म भरू की सीडीएस देऊ?" टेरिटोरियल आर्मी, म्हणजे टीए, ही नोकरी सांभाळून करायची अर्धवेळ लष्करी सेवा; सीडीएस म्हणजे सैन्यदलात पूर्ण वेळ अधिकारी व्हायची परीक्षा. पोरगा 23 वर्षांचा, नोकरीला वर्षही झालेलं नाही. मी लष्करात 10 वर्षं शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकाऱ्याची नोकरी करून बाहेर पडलो, त्यामुळे हा प्रश्न वरचेवर माझ्याकडेच येतो. एकदाच लिहून टाकतो.

आधी वय बघा. सीडीएसचं दार पंचविशीच्या आसपास कायमचं लागतं, टीएचं 42 पर्यंत उघडं असतं. जे आधी बंद होणार तिथे आधी जावं, यात फार अक्कल लागत नाही.

"नोकरीही आणि वर्दीही" ऐकायला गोड वाटतं. पण 1948 च्या कायद्याने उभी राहिलेली ही सेना पूर्ण वेळ करिअर देत नाही, हे ती स्वतःच सांगते. पोटापाण्याचा उद्योग आधी हवा, ही तर अटच. पगार ट्रेनिंगचा आणि सेवेवर बोलावलं तेवढ्या दिवसांचा. आणि धोनीचा फोटो बघून फॉर्म भरणाऱ्यांनो, 2011 साली त्याला मिळालेला हुद्दा मानद होता. तुम्हाला लेखी परीक्षा आहे, वर एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखतही आहे. त्यामुळे टीए म्हणजे एसएसबीत आपटलेल्यांची सोय, हेही डोक्यातून काढा.

माझा एक मित्र टीएत आहे, एरवी खाजगी कंपनीत. दरवर्षी दोन महिन्यांचा अर्ज टेबलावर ठेवला की साहेब म्हणतात, "पुन्हा? मागच्या वर्षी झालं ना ट्रेनिंग?" परत कामावर घ्यायला कायद्यात कलम आहे. प्रमोशनच्या यादीत मागे सरकलेलं नाव पुढे आणायला नाही.

मे 2025 मध्ये सरकारने लष्करप्रमुखांना टीएतल्या कुणालाही बोलावण्याचे अधिकार दिले, तेव्हा या मित्राने माळ्यावरची लष्करातली काळी ट्रंक खाली काढली. नंबरातला एक आकडा उडाला होता, तो पांढऱ्या रंगाने पुन्हा काढला. बोलावणं आलं नाही. ट्रंक मात्र पंधरा दिवस हॉलमध्येच होती, वहिनी तिच्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायच्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण ट्रंक माळ्यावर चढवायचं नावही कुणी काढलं नाही.

तरी मला विचाराल तर तरुणपणी पूर्ण वेळच जावं. पलटणीतलं माझं पहिलं वर्ष प्लाटूनमधल्या पोरांची गावं, कुणाची बहीण लग्नाची, कुणाच्या शेताचा दावा कोर्टात, हे पाठ करण्यातच गेलं. पुढे रात्री पेट्रोलिंगला निघताना कुणाला पुढे ठेवायचं, कुणाला नाही, हे त्याच्यावरूनच कळायचं. वर्षाच्या दोन महिन्यांत हे होत नाही. टीएतली चांगली माणसं ते करतात, पण दहा-दहा वर्षं घालवून.

भाच्याला म्हटलं, सीडीएस भर.

"आणि नाही झालं तर?"

"टीए आहेच की. तोवर नोकरी सोडू नकोस, आणि रोज पाच किलोमीटर पळ."

थोडा वेळ शांतता. मग म्हणतो, "रोज?"