प्लेऑफच्या टीमांना नंबर कसे द्यायचे? शिका भुसावळ जंक्शन पद्धत

मार्च संपत आला, ऊन चाळीशीच्या पुढे सरकलं आणि तिकडे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगच्या (२०२४-२५ मध्ये होत्या तशा) तेरा टीमांमधून प्लेऑफला, म्हणजे कप ठरवणाऱ्या शेवटच्या फेरीला, सहाच उरल्या की समजायचं, भो, आपली वेळ आली. खेळायची नाही हो, नंबर लावायची. उरलेल्या सहा टीमांना एक ते सहा नंबर द्यायचे, प्रत्येकीखाली दोन ओळी खरडायच्या आणि ग्रुपवर टाकून मोबाईल उलटा ठेवून झोपून जायचं, सकाळपर्यंत तुम्ही फुटबॉलचे जाणकार झालेले असता.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारात या लीगची एकही टीम नाही, पुण्याची होती ती पण २०१९ मध्ये बंद पडून हैदराबादची झाली, राहिली मुंबई सिटी, ती अंधेरीत खेळते, आपला काय संबंध? अहो हाच तर आपला प्लस पॉइंट आहे. ज्याच्या गावात टीम असते तो बिचारा तिकीट काढतो, नव्वद मिनिटं मॅच बघतो, हरले की दोन दिवस जेवत नाही, असा माणूस काय डोंबलाची रँकिंग लावणार. आपण कसे, एकदम निष्पक्ष, एकही मॅच न बघितल्यामुळे कुणाबद्दल मनात काही नाही.

तर पहिला नियम, पॉइंट टेबल बघायचं नाही. बघितलंच तर कुणाला सांगायचं नाही. कारण अडचण अशी आहे की लीगनेच प्रत्येकीला चोवीस-चोवीस मॅच खेळवून एक रँकिंग आधीच लावून ठेवलेली असते, आणि ती फुकट मिळते. २०२४-२५ चंच घ्या. मोहन बागान ५६ पॉइंट, गोवा ४८, मग बेंगळुरू, नॉर्थईस्ट आणि जमशेदपूर तिघं पण ३८ वर, आणि सहावी मुंबई सिटी ३६ वर. पहिल्या दोन टीमा डायरेक्ट सेमीफायनलला, बाकी चौघांची एकेक नॉकआउट, तिसरी विरुद्ध सहावी, चौथी विरुद्ध पाचवी. झालं, संपलं. पण हेच तुम्ही कॉपी करून टाकलं तर तुम्हाला कोण विचारणार? म्हणून वर एक ओळ ठोकून द्यायची, "टेबल सगळं सांगत नाही." या ओळीवर आजपर्यंत कुणी वाद घातल्याचं मी बघितलेलं नाही.

मग नंबर द्यायचे कशावरून? तर इथे आपली भुसावळ जंक्शन पद्धत कामाला येते. कुठल्या टीमच्या गावाची गाडी भुसावळला थांबते ते बघायचं. हसू नका, नीट बघा. हावड्याला जाणारी गीतांजली भुसावळला थांबते, म्हणजे मोहन बागान आपलीच. तीच गाडी पुढे टाटानगरला थांबते, म्हणजे जमशेदपूर पण आपलीच. कर्नाटक एक्सप्रेस थांबते, बेंगळुरू आली. गोवा एक्सप्रेस थांबते, गोवा आली. मुंबईहून गुवाहाटीला जाणारी पण भुसावळवरूनच जाते, नॉर्थईस्ट पण आत. मुंबईला तर रोज ढीगभर गाड्या, तिला त्याच हिशोबाने एक नंबर वाढवून द्यायचा. आता सहाच्या सहा टीमांची गाडी थांबते म्हटल्यावर फरक कुठे राहिला असं तुम्ही विचाराल, तर तिकडे एक्सजी-बिक्सजी (म्हणजे किती गोल व्हायला हवे होते त्याचा हिशोब) काढून, आकडेमोड करून, रंगीत तक्ते लावून जे नंबर देतात त्यांनी तरी कुठे मोठा फरक पाडला? तीन टीमा ३८ वर उभ्या आहेत तिथे गीतांजली जास्त वेळ थांबते का कर्नाटक एक्सप्रेस, एवढाच मुद्दा उरतो.

भाषेकडे मात्र लक्ष द्या. लो ब्लॉक, हाय प्रेस, ट्रान्झिशन, सेट पीस, हे शब्द मधूनमधून पेरत जायचे. ते शेवभाजीवरच्या तर्रीसारखे असतात, वरून लाल दिसलं की खाली शेव किती आहे ते कोणी मोजत नाही.

आता एकेका नंबरचं बघू. पहिल्या नंबरवर डोकं चालवायचं नाही, सगळे ज्याला पहिला ठेवतात त्यालाच ठेवायचं, पण खाली न विसरता लिहायचं, "मात्र मोठ्या मॅचचं प्रेशर झेपेल का, हा प्रश्न आहे." हे वाक्य म्हणजे विमा आहे. जिंकले तर तुम्ही पहिला नंबर दिलेलाच होता, हरले तर तुम्ही प्रश्न विचारलेलाच होता. तेव्हाचे कोच मोलिना यांची मोहन बागान ३ एप्रिलला जमशेदपूरला जाऊन सेमीफायनलचा पहिला लेग (सेमीफायनल दोन मॅचची, दोन्हीतले गोल मिळून निकाल) २-१ ने हरली, तेव्हा ज्यांच्याकडे हा विमा होता ते रात्री अकरा वाजता छाती काढून फिरून राहिले होते, आणि ७ तारखेला कोलकात्यात अपुइयाने इंज्युरी टाइममध्ये लांबून असा बॉल मारला की ऍग्रीगेट ३-२ होऊन बागान फायनलला, तेव्हा पण तेच लोक तेवढीच छाती काढून फिरून राहिले होते. छाती तीच, पोस्ट तीच, एक अक्षर बदलावं लागलं नाही. याला म्हणतात अभ्यास.

मोठं नाव मात्र कधीच खाली टाकायचं नाही. मुंबई सिटी सहावी आली होती ना, तरी तिला तिसरं ठेवायचं. का, तर ती चॅम्पियन आहे, २०२४ ची फायनल तिने कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये जाऊन मोहन बागानच्याच घरात ३-१ ने मारली होती, रक्तातच आहे वगैरे. मी असं म्हणणारे लोक बघितले, त्यांचा आत्मविश्वास बघून मला पण पटलं असतं. मग २९ मार्चला बेंगळुरूने आपल्या कांतीरवा स्टेडियमवर मुंबईला पाच गोल मारले. पाच. आणि मुंबईचा एक पण नाही. आता इथे नवशिके घाबरतात आणि पोस्ट डिलीट करतात. डिलीट कशाला करायची? खाली लिहायचं, "स्कोअरलाइन मॅचचं खरं चित्र दाखवत नाही." समोरचा विचारेल खरं चित्र काय होतं, तर त्याला सांगायचं तू मॅच बघितली का, तो म्हणेल हो, मग विषय आयपीएलवर न्यायचा, ती तेव्हा नुकतीच सुरू झालेलीच असते.

एकच प्लेयर धरून अख्ख्या टीमचा नंबर ठरवणं ही पण जुनी आणि मान्यता पावलेली पद्धत आहे. नॉर्थईस्टच्या अलाएद्दीन अजाराईने त्या सीझनला २३ गोल ठोकले, या लीगमध्ये एका सीझनमध्ये तेवढे त्याच्याआधी कुणी मारलेले नव्हते. मोरोक्कोचा माणूस, नाव उच्चारताना आपली जीभ अडखळते, म्हणजे भारीच असणार. आमच्या गल्लीतल्या एका भावाने नुसत्या या माणसाच्या जोरावर नॉर्थईस्टला दुसरा नंबर देऊन टाकला, गोव्याच्या पण वर. समोर कोण, तर तेव्हा खालिद जमील कोच असलेली जमशेदपूर, चोवीस मॅचमधल्या १२ जिंकलेली, १० हरलेली आणि ड्रॉ फक्त २. म्हणजे अशी टीम की मॅच संपायच्या आत इकडे नाहीतर तिकडे निकाल लावूनच घरी येते. तिला भावाने सहावा दिला होता, कारण खालिदभाई प्रेस कॉन्फरन्सला फारसे बोलत नाहीत. ३० मार्चला गुढीपाडवा, घरोघरी पुरणपोळीचा घाट, आणि तिकडे शिलाँगला नॉर्थईस्ट ०-२ ने आपटली. २३ गोलवाल्याला एक पण सापडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेतून रिटायर झालेले आबा ओट्यावर बसलेले होते, त्यांनी विचारलं, "कोन जितनं रे भो?"

"जमशेदपूर, आबा."

"मंग तू त्यासले सहावा नंबर काब्र दिन्हा व्हता?"

भाऊ कसलेला होता. म्हणाला, आबा, मॅच गुवाहाटीला नव्हती ना, शिलाँगला होती, आणि शिलाँगला तर रेल्वेच जात नाही. आबांची सगळी नोकरी रुळांवर गेलेली, त्यांना ते लगेच पटलं. बघा, पद्धत कुठल्याही टोकाने धरली तरी उत्तर देते.

म्हाताऱ्या प्लेयरच्या बाबतीत वय काढायचं, हा आणखी एक सोपा उपाय. बेंगळुरूचा सुनील छेत्री त्या सीझनला चाळीस वर्षांचा, जून २०२४ मध्ये इंडियाकडून रिटायर झाला, मार्च २०२५ मध्ये परत आला, त्या सीझनला लीगमध्ये १४ गोल मारले, भारतीय प्लेयरमध्ये सगळ्यात जास्त. हे चौदा गोल आपल्या लेखात आणायचे नाहीत, गणित बिघडतं. फक्त "वाढतं वय, दमट हवा, दुसरा लेग" एवढंच लिहायचं आणि बेंगळुरूला चौथं-पाचवं ढकलायचं. सेमीफायनलचा पहिला लेग बेंगळुरूने २-० ने जिंकला, मग ६ एप्रिलला रामनवमीच्या दिवशी फातोर्ड्याला गोव्याने ते दोन्ही गोल फेडले, दुसरा तर ८८व्या मिनिटाला, आता एक्स्ट्रा टाइम होणार असं सगळे धरून चालले आणि इंज्युरी टाइममध्ये हेडर कोणी मारला, तर या चाळिशीच्या माणसाने. फातोर्ड्याचं सगळं स्टेडियम गप्प. तुम्ही गप्प बसायचं नाही. तुम्ही लिहायचं, "अनुभवाला पर्याय नाही, हे मी आधीपासून म्हणत होतो."

गोव्यावर मी जास्त वेळ घालवणार नाही, कारण त्यांच्यासाठी एकच वाक्य पुरतं, दोन दगडांवर पाय. मानोलो मार्केझ तेव्हा गोव्याचे पण कोच आणि इंडियाचे पण कोच, एकाच वेळी दोन नोकऱ्या, आपल्याकडे शिक्षकाने क्लास चालवला तर चौकशी लागते. हे वाक्य लिहून मोकळं व्हायचं. पुढे मे महिन्यात याच गोव्याने जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप उचलला, पण ती स्पर्धा वेगळी, आपली पोस्ट वेगळी, दोन्ही एकत्र करायचं कारण नाही.

मधूनच कुणीतरी केरळा ब्लास्टर्सवाला येईल आणि आमची टीम कुठे म्हणून भांडेल, ती त्या वर्षी सहात नव्हतीच तरी येईल. त्याच्याशी नीट बोला, त्या लोकांनी तीन फायनल हरलेल्या आहेत. फक्त एवढं विचारा, की ३ मार्च २०२३ ला बेंगळुरूविरुद्धच्या नॉकआउटमध्ये छेत्रीने भिंत उभी राहायच्या आत फ्रीकिक मारली आणि तुमची पूर्ण टीम मैदान सोडून निघून गेली, चार कोटींचा दंड बसला, तर मॅच अर्धवट सोडून गेलेल्या टीमला रँकिंगमध्ये कितवं धरायचं? तो चिडून ग्रुप सोडून जाईल, त्यांच्यात ती सवय आहेच.

आता फायनल. १२ एप्रिल २०२५, सॉल्ट लेक, बागान विरुद्ध बेंगळुरू. इकडे हनुमान जयंतीचा भंडारा, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, पंगतीवर पंगती उठून राहिल्या, मॅच कोण बघतं. तरी तुम्हाला सांगून ठेवतो, विचारलं तर कामाला येईल. अल्बर्टो रॉड्रिगेझच्या स्वतःच्याच गोलने बागान मागे पडली, मग कमिंग्सने पेनल्टीवर बरोबरी केली, एक्स्ट्रा टाइममध्ये मॅक्लारेनने दुसरा मारला आणि २-१. टेबलमध्ये पहिलं येण्याची शील्ड पण त्यांची, कप पण त्यांचा. एकाच सीझनला दोन्ही याआधी फक्त मुंबई सिटीने घेतले होते, २०२०-२१ ला.

म्हणजे झालं काय, तर टेबलमध्ये जी टीम पहिली होती, आठ पॉइंटच्या अंतराने पहिली होती, तीच शेवटी पण पहिली आली. ही गोष्ट कृपया बाहेर जाऊ देऊ नका. हे लोकांना कळलं तर पुढच्या वर्षी ते सरळ टेबल उघडून बघतील आणि आपल्यासारख्या जाणकारांनी आखाजीपर्यंत करायचं काय, पत्ते पिसायचे? त्यापेक्षा फायनलच्या दुसऱ्या दिवशी जुनी रँकिंग शोधून काढायची, स्क्रीनशॉट घ्यायचा आणि पहिला नंबर ठेवून बाकी पाच खालून कापून टाकायचे. मोहन बागान पहिली लिहिली होती की नाही? होती. मग झालं.

पुढच्या सीझनची काळजी करू नका. जुलै २०२५ मध्ये फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचा घोळ झाला, करार डिसेंबरात संपत होता आणि नवीन होईना, म्हणून सीझनच लटकला, गणपती गेले, दिवाळी गेली, तरी लीगचा पत्ता नव्हता. प्लेयर घरी, क्लबांनी सराव थांबवलेला, पगाराची बोंब. बाकीचे लोक हे बघून हळहळत बसले. तुम्ही अशा वेळी लगेच "नवीन सीझनची प्लेऑफ रँकिंग" टाकायची, एक पण मॅच होत नसल्यामुळे ती एका पण ठिकाणी चुकत नाही, आणि "पण भाऊ, टीमा खेळून कुठे राहिल्या?" असं कुणी विचारलंच तर त्याला ग्रुपमधून काढून टाकायचं, त्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही.