बर्फात घालू नका हो!

डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. ज्यांच्या घरात कुणी इन्सुलिन घेतं त्यांनी शेवटपर्यंत वाचा, बाकीच्यांनी पुढे पाठवा.

आज दुपारी आमच्या औषधांच्या दुकानात एक मावशी आल्या. मराठवाड्यातल्या, कोकण दर्शनच्या बसने आलेल्या. पर्समधून रुमालात गुंडाळलेल्या तीन रिफिल, म्हणजे इन्सुलिनच्या पेनमध्ये बसवायच्या काचेच्या नळ्या, काढून काउंटरवर ठेवल्या. म्हणाल्या, "रात्री लॉजवाल्यांनी फ्रीजरमध्ये ठेवून दिल्या होत्या, सकाळी पार बर्फ झालेला. आता वितळल्यात. चालतील ना?"

नाही चालणार. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं, मग ते कितीही महाग असो.

त्यांचं 30/70, म्हणजे दुधाळ इन्सुलिन. एक रिफिल उजेडात धरून फिरवली तर काचेला आतून कण चिकटलेले आणि तळाशी नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. यातला 70 टक्के भाग बारीक कणांच्या रूपात तरंगत असतो, म्हणूनच तो अंगात हळूहळू उतरतो. गोठलं की हे कण एकमेकांना धरून बसतात. मग पेनवर 16 युनिट लावले तरी आत 16 जातील याचा भरवसा नाही. आज कमी, उद्या जास्त. काचेला केसाएवढा तडा गेला तर हवा शिरते ती वेगळीच. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन तर आणखी फसवं, गोठून वितळल्यावरही ते जसंच्या तसं दिसू शकतं.

मावशींनी मुलाला फोन लावून दिला. तर साहेब माझ्यावरच चढले. "अहो मॅडम, थंडच ठेवायचं असतं ना? मग झालं काय?" अरे बाबा, थंड म्हणजे 2 ते 8 अंश! फ्रीजर असतो उणे 18 च्या आसपास. आईला एकटीला सहा दिवसांच्या सहलीला धाडलंस, बरोबर चिवड्याचे डबे दिलेस, आणि औषध कसं ठेवायचं हे बघायला तुला दोन मिनिटं मिळाली नाहीत?

आणि मुळात त्या सहा दिवसांसाठी फ्रीजची एवढी गरजच नव्हती. फ्रीज लागतो तो न उघडलेल्या साठ्याला. पेनमध्ये लावलेली रिफिल बाहेरच ठेवायची, बहुतेक इन्सुलिन 25 किंवा 30 अंशांखाली साधारण 28 दिवस टिकतात. काहींची मुदत वेगळी असते, डेग्लुडेक नावाच्या इन्सुलिनची 8 आठवडे. आपल्या पाकिटातल्या कागदावर काय छापलंय ते वाचायचं आणि लावल्याची तारीख पेनावर चिकटपट्टीने लिहायची. न उघडलेली रिफिल प्रवासात बाहेर राहिली तर तिचेही दिवस तेव्हापासूनच मोजायचे. गार इन्सुलिन टोचताना चुरचुरतं तेही आहेच.

लॉजच्या मॅनेजरला मी मघाशी मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या. पण त्याने बिचाऱ्याने चांगल्या मनानेच ठेवलं असणार. मावशी सांगत होत्या, पिशवीवर त्यांचं नाव लिहिलेली चिठ्ठीसुद्धा लावली होती. लस बर्फाच्या डब्यातून येते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पोलिओच्या तोंडात घालायच्या थेंबांना गोठण्याने काही होत नाही. पण पेंटाव्हॅलंट, म्हणजे बाळाची पाच आजारांवरची एकत्र लस, तिच्यासारख्या लसी गोठल्या की वाया जातात. म्हणून नर्सबाई फ्रीजरमधले आइस पॅक काढून लगेच डब्यात भरत नाहीत. बाहेर ठेवतात, पॅकला घाम फुटू देतात, हलवून आत पाणी खळखळलं की मग भरतात. हीच युक्ती घरी करायची.

म्हणजे असं. रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घ्या. आत गार पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, मग ओतून कोरडा पुसा. जेल पॅक घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवा, पंच्यात गुंडाळा, तळाशी घाला. वर घडी केलेला जाड रुमाल, त्यावर झिपच्या पिशवीत इन्सुलिन. पॅक आणि रिफिल एकमेकांना टेकता कामा नयेत. सुटा बर्फ अजिबात नको, वितळून त्याच्या पाण्यात खोकं भिजतं आणि छापलेली तारीखही जाते.

पाण्यात भिजवायच्या थंड पिशव्या मिळतात, आत स्फटिक असतात, ते पाणी पिऊन फुगतात आणि पाणी उडताना गारवा देतात. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात त्या झकास चालतात. आमच्याकडे कोकणात हवाच इतकी ओली की पाणी उडायलाच मागत नाही, गारवा बेताचाच. आणि ती पिशवी प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा बॅगेच्या तळाशी कोंबली तर कुठेच चालणार नाही. तिला वारा लागतो.

आता कुणीतरी उकाड्यात इन्सुलिनला काही होत नाही म्हणून केनियातल्या दादाब निर्वासित छावणीचा दाखला देणार. हो, माहीत आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 25 ते 37 अंशांमध्ये वरखाली होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन टिकलं होतं. मान्य. म्हणूनच एखादी दुपार 34 अंशांत गेली तर घाबरून डबा फेकू नका. पण 37 म्हणजे सावलीतली खोली. उन्हात उभ्या बंद गाडीत पारा सहज 50 च्या वर जातो. डॅशबोर्ड, त्याखालचा कप्पा, स्कूटरची डिकी, एसटीत ड्रायव्हरशेजारचं बॉनेट, रेल्वेची उन्हाकडची खिडकी, या जागा इन्सुलिनच्या नाहीत. उष्णतेने बिघडलेलं इन्सुलिन बहुतेकदा दिसायला ठीकच असतं. जेवण तेच, डोस तोच, तरी शुगर 300 च्या वर चढत चालली तर आधी रिफिल बदला. उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली तर थेट दवाखाना, विशेषतः टाइप 1 मधुमेहवाल्यांनी. देवदर्शन थांबेल.

विमानात चेक-इन बॅगेत टाकू नका, सगळं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सुई पेनावर लावून ठेवू नका, इन्सुलिन गळतं आणि हवा आत शिरते. लडाखला निघालेल्यांनी पेन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावं आणि रात्री पांघरुणात घेऊन झोपावं. तिथे इन्सुलिन गोठायला फ्रीजरची गरजच नाही, थंडगार खोलीच पुरते.

मुक्कामी फ्रीज वापरायचाच असेल तर स्वतः उघडून बघा. एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीजरच्या खालचा ट्रेसुद्धा गोठवतो. मागच्या भिंतीला चिकटवून नको, दारातला कप्पा बरा. हॉटेलच्या खोलीतल्या छोट्या फ्रीजची वीज बऱ्याचदा किल्लीचं कार्ड काढलं की जाते. पिशवीवर "फ्रीजरमध्ये ठेवू नये" असं मोठ्या अक्षरात लिहा. मावशींच्या पिशवीवर नाव होतं, हे वाक्य नव्हतं. विकणाऱ्या दुकानदाराने ते का लिहून दिलं नाही, हा माझा आमच्याच धंद्यातल्या लोकांना प्रश्न आहे. काळ्या पिशवीत कोंबून "हे घ्या काकू" म्हटलं की संपलं का काम?

लागेल त्याच्या दुप्पट साठा न्या आणि दोन वेगळ्या बॅगांत विभागा. शुगर उतरली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. ती साखर वरच्या खिशात हवी, बसच्या पोटातल्या सुटकेसमध्ये नको.

शेवटचं, आणि यात चुकलात तर बर्फ परवडला. परगावी इन्सुलिन विकत घ्यायची वेळ आली तर आकडा बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा 40 चं असतं, म्हणजे एका मिलीत 40 युनिट. रिफिल आणि पेन बहुतेक 100 चे. 40 ची सिरिंज लाल टोपीची, 100 ची केशरी टोपीची. पेन बिघडलं म्हणून रिफिलमधलं औषध लाल टोपीच्या सिरिंजने ओढून 10 च्या रेघेपर्यंत घेतलं तर अंगात 25 युनिट जातात. अडीचपट! उलट 40 चं औषध केशरी टोपीने 10 पर्यंत घेतलं तर जेमतेम 4. म्हणून चिठ्ठीवर औषधाचं पूर्ण नाव, 40 की 100, आणि सकाळ-संध्याकाळचे युनिट, सगळं लिहिलेलं हवं. तिचा फोटो ज्याला इन्सुलिन लागतं त्याच्याच मोबाईलमध्ये हवा, परगावच्या ऑफिसात बसलेल्या मुलाच्या नव्हे.