बाबांना बाकावर बसवायचं नाही, असं आम्ही ठरवलं

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा डोंबिवलीहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडमध्ये डर्बीला आले होते. मुलांच्या शाळेला सहा आठवड्यांची सुट्टी होती. पहिल्याच शनिवारी आम्ही उत्साहाने सगळ्यांना एका मोठ्या थीम पार्कला घेऊन गेलो. सहा माणसांची तिकिटं, पार्किंग, आतलं खाणं धरून खिशाला चांगलीच झळ बसली. पण ते दुःख मागाहूनचं. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी रांगेतून मागे वळून पाहिलं तर बाबा एका बाकावर बसलेले, दोन्ही बाजूंना आमच्या सगळ्यांच्या सॅका, जाकिटं, पाण्याच्या बाटल्या. सकाळी अकरापासून ते तिथेच होते. आई शेजारी डोळे मिटून बसली होती. मला बघून बाबांनी हात हलवला आणि म्हणाले, "तुम्ही जा गं, मी आहे सामानाजवळ."

सहा हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून आलेल्या माणसाला आपण सामानाजवळ बसवलं, हे मला रात्रभर टोचत राहिलं. इथे राहणारे आपण मराठी लोक आई-बाबा आले की हेच करतो. मुलांची सहल म्हणजे मुलांनी पळायचं, आपण त्यांच्यामागे पळायचं आणि आजी-आजोबांनी पिशव्या सांभाळायच्या. नाहीतर महाबळेश्वरला पॉइंट बघतात तसे एका दिवसात चार पॉइंट. गाडीतून उतरा, फोटो काढा, बसा गाडीत. त्या रात्री नवऱ्याने आणि मी ठरवलं की उरलेल्या सुट्टीत एका दिवशी एकच ठिकाण करायचं, आणि ठिकाण असं निवडायचं की जिथे आजी-आबांना नातवंडांना सांगण्यासारखं काहीतरी असेल. डर्बीशायरमध्ये राहून अशी ठिकाणं शोधायला लांब जावं लागत नाही.

पुढच्या रविवारी क्रिचला गेलो. तिथे जुन्या दगडाच्या खाणीत १९५९ पासून ट्रामचं संग्रहालय उभं राहिलं आहे. ब्लॅकपूल, शेफिल्ड, ग्लासगो अशा शहरांतल्या ट्राम जिवापाड जपून ठेवल्यात आणि त्या नुसत्या काचेमागे नाहीत, चालतात. आत शिरताना हातात जुन्या काळची एक पेनी मिळाली. भलीमोठी, तांब्यासारखी. ती ट्राममध्ये कंडक्टरला द्यायची आणि तिकीट घ्यायचं. धाकट्याने ती मुठीत इतकी घट्ट धरली की घामाने ओली झाली.

ट्राम शेवटच्या थांब्याला पोचली. कंडक्टरने उठून बाकांच्या पाठी एकेक करून उलट्या बाजूला ढकलल्या, म्हणजे परतीला तोंड पुढे. बाबा एकदम उभे राहिले आणि पुढची पाठ त्यांनी स्वतः खट्कन फिरवली. "हे आम्ही करायचो!" म्हणाले. बाबांचं लहानपण लालबागचं. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते. त्या रात्री वडिलांचा हात धरून ते रस्त्याच्या कडेला गर्दीत उभे होते, हे मला माझ्या बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. लेकीने विचारलं, "आबा, तुम्ही रडलात का?" बाबा म्हणाले, "मी नाही. माझे वडील रडले." मग त्यांनी तिला घंटा कशी वाजायची, चालत्या ट्राममधून पोरं उतरायची कशी, हे सगळं सांगितलं. आम्ही त्या एक मैलाच्या रुळावरून पाच वेळा गेलो-आलो. दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं, त्यामुळे घड्याळाकडे कुणी बघितलं नाही.

बाबांचे वडील गिरणीत साच्यावर होते, म्हणून त्यानंतर क्रॉमफर्डला जायचं हे ओघानेच आलं. डर्बीहून मॅटलॉकला जाणारी छोटी आगगाडी अर्ध्या तासाच्या आसपास तिथे पोचवते. आगगाडीने जा असं मी मुद्दाम सांगते, कारण डर्वेंट नदी सतत खिडकीशी असते आणि मुलांना बेल्टमध्ये बांधावं लागत नाही. क्रॉमफर्डला रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली पाण्याच्या जोरावर चालणारी सूतगिरणी काढली. गिरणी, भोंगा, पाळ्या, चाळी ही जी सगळी व्यवस्था पुढे आपल्या गिरणगावात रुजली, तिचं मूळ ह्या दरीत आहे. हा सगळा परिसर २००१ पासून जागतिक वारसा आहे. ही गिरणी रात्रंदिवस चालायची आणि तिच्यात सात-आठ वर्षांची मुलंही काम करायची. आमचा धाकटा आठ वर्षांचा. तो दगडी भिंतीला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या वर्गातली सगळी?" बाबा म्हणाले, "हो. तुझ्या वर्गातली सगळी." दोघं बराच वेळ तिथेच उभे होते.

बाहेर पडलं की समोरच कालवा. त्याच्या काठाने सपाट पायवाट आहे, बाबागाडीसुद्धा आरामात जाते. हाय पीक जंक्शनपर्यंत रमतगमत जाऊन आलो. बदकं आणि त्यांची पिल्लं बघून झाली, काठावरच्या बाकावर आईने केलेले धपाटे आणि लसणाची चटणी खाल्ली. कालव्यासाठी काही तिकीट नाही.

आता सगळ्यात मनाजवळचं. डर्बीशायरच्या गावांत झरे आणि विहिरी सजवायची प्रथा आहे. इथे तिला वेल ड्रेसिंग म्हणतात. मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत आज ह्या गावात, पुढच्या आठवड्यात त्या गावात असं चालू असतं. मोठ्या लाकडी फळ्या पाण्यात भिजवून ठेवतात. मग मऊ माती मिठाच्या पाण्यात कालवून पायांनी तुडवतात, ती फळीवर थापतात, त्यावर चित्राची बाह्यरेषा टोचून काढतात आणि कॉफीच्या बिया वगैरे लावून ती ठसठशीत करतात. मधल्या जागा फुलांच्या पाकळ्या, पानं, शेवाळ, बिया यांनी भरतात. सगळं निसर्गातलंच लागतं. चित्र जेमतेम आठवडाभर टिकतं आणि मग उतरवतात. बऱ्याच गावांत सभागृहाचं दार उघडं असतं, बघायला या, वाटलं तर हात लावा.

आम्ही गेलो त्या गावात सात-आठ बायका आणि एक म्हातारे गृहस्थ टेबलांभोवती वाकून हायड्रेंजियाच्या पाकळ्या लावत होते. मुलांना माती तुडवायची उरली नव्हती म्हणून ती हिरमुसली, पण एका बाईंनी दोघांच्या हातात पाकळ्यांची वाटी दिली. लेक वरून लावायला लागली. त्या बाई इंग्रजीत समजावत होत्या, खालून सुरुवात कर, प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीवर थोडी चढली पाहिजे. आईला इंग्रजी फारसं कळत नाही. पण तिने बोटांकडे बघितलं आणि लेकीला म्हणाली, "अगं, कौलं शाकारतात तसं. खालून वर. म्हणजे पाऊस आत शिरत नाही." नेमकं तेच कारण होतं. मी त्याचं भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्या बाईंनी आईसाठी खुर्ची ओढली. पुढचे दोन तास आई तिथे बसली होती, आणि तिच्या हाताखाली एका मेंढराचं अंग पूर्ण झालं. रांगोळीचा हात आहे तिचा. चिमटीत पाकळी कशी धरावी हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

परत येताना तिने विचारलं, "इतका पाऊस पडतो इथे, मग ह्यांना पाण्याचं एवढं का?" मी सांगितलं की इथला डोंगर चुनखडीचा, पाणी वर थांबत नाही, आत मुरून जातं, म्हणून वर फुटणारा झरा गावाला जीव की प्राण. ती लगेच म्हणाली, "आमच्या जांभ्यासारखंच." तिचं माहेर राजापूरजवळचं. पाऊस बेसुमार आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसायचा. घरी पोचेपर्यंत ती मुलांना रहाट, पोहरा आणि नवीन विहिरीला पाणी लागलं की फोडायचा नारळ हेच सांगत होती. मुलांनी कान देऊन ऐकलं, कारण त्यांच्या नखांत अजून माती होती.

डोंगर चढायचा तर मॅम टॉर. अर्थ काय, तर आईचा डोंगर. उंची ५१७ मीटर, पण वरच्या गाडीतळापासून थोडंच चढायचं असतं आणि वाट दगडांनी बांधलेली आहे. माथ्यावर लोहयुगातला किल्ला होता, त्याची मातीची तटबंदी आणि खंदक अजून स्पष्ट दिसतात. आमची मुलं दिवाळीत इथे बागेत किल्ला करतात, त्यामुळे "बुरूज कुठे, दरवाजा कुठे" सुरू झालं. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून ते आणि आई खालच्या बाजूला थांबले. बाकावर नव्हे. तिथे एक मोडलेला रस्ता आहे. हा डोंगर सतत खचतो, आणि त्याच्या उतारावरून जाणारा मोठा रस्ता वर्षानुवर्षं दुरुस्त करून शेवटी १९७९ साली कायमचा बंद केला. डांबराचे थरावर थर उलगडलेले, मधली पांढरी रेघ एका जागी तुटून माणसाच्या उंचीइतकी खाली गेलेली. बाबांनी आयुष्यभर सार्वजनिक बांधकाम खात्यात काम केलं. मुलं खाली आली तेव्हा ते त्यांना प्रत्येक थर किती वेळा घातला असेल ते मोजून दाखवत होते. जुलैतसुद्धा वर वारा बोचरा असतो, कानटोपी न्या.

तिथून जवळच कॅसलटनच्या गुहा आहेत, पावसाच्या दिवशी चांगल्या. पण स्पीडवेल गुहेत होडीपर्यंत उतरायला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत आणि तेवढ्याच परत चढायच्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे नेऊ नका. पीक कॅव्हर्न बरी. तिच्या तोंडाशी पूर्वी दोर वळणाऱ्यांची वस्ती होती, आणि दोर वळून दाखवतात तेव्हा आईला परत सांगायला विषय मिळाला. मॅटलॉक बाथची केबल कार महाग आहे, पण तिच्यात सगळे एकत्र बसतात, म्हणून माझी तिला ना नाही. मॉन्सल ट्रेल तर अगदी सपाट. १९६८ साली बंद पडलेल्या रेल्वेची वाट आहे, साडेआठ मैलांची, आणि २०११ पासून तिचे बोगदेही उघडलेत. मुलांनी बोगद्यात आरोळ्या ठोकायच्या, मोठ्यांनी चालायचं.

आणि हे सगळं सोडून द्या, घराबाहेर कुठेही पिवळ्या बाणाची खूण दिसली की ती वाट तुमची आहे. शेतातून जात असली तरी. फाटक उघडलंत तर परत लावा, मेंढ्यांना घाबरवू नका, एवढंच. ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर नकाशावर ह्या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. लेक नकाशा धरते, धाकटा बाण शोधतो. ही मोकळीक पूर्वी ह्या डोंगरांवर नव्हती. २४ एप्रिल १९३२ च्या रविवारी मँचेस्टरचे शेकडो तरुण कामगार किंडर स्काउटच्या माळावर जमीनमालकांची बंदी मोडून चढले. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. पुढे १९५१ साली हाच डोंगराळ भाग, म्हणजे पीक डिस्ट्रिक्ट, देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. बाबांना मी हे हेफील्डला, जिथून ते तरुण निघाले होते तिथे, सांगितलं. आठवड्याची एक सुट्टी, तीही डोंगरावर जायला लढून मिळवावी लागली. बाबा एवढंच म्हणाले, "गिरणीतल्या पोरांना हवा लागतेच गं."

तुमच्यापैकी पुष्कळांचे आई-बाबा येत्या मे-जूनमध्ये येणार असतील. टिसिंग्टन गावच्या सजवलेल्या विहिरी नक्की दाखवा. सहा आहेत, त्यातली एक खास मुलांची. सोहळा असेन्शन डेला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी, गुरुवारी सुरू होतो आणि तारीख ईस्टरप्रमाणे दरवर्षी बदलते. शाळा असली तरी चिंता नको, पुढचे काही दिवस विहिरी तशाच असतात, शनिवारी जा. विमानाची तिकिटं काढण्याआधी ती तारीख बघा. आमच्या आईने बघितली आहे. यंदा ती सोबत कोकणातली एक जुनी चाळणी आणणार आहे, बिया निवडायला तिथल्या बायकांना उपयोगी पडेल म्हणते.