शिवाजीनगर ते चाकण: 30 किलोमीटरवर अडलेलं संशोधन

पुण्यातली विद्यापीठं आणि उद्योग यांनी एकत्र काम करायला हवं, यावर कुणाचंच दुमत नाही. सामंजस्य करारही होतात. पण सह्या झाल्यावर दोन्हीकडची माणसं एकमेकांना किती वेळा भेटतात? माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

व्हिडिओ कॉलच्या जमान्यात अंतराचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. सीरम इथे हडपसरला, ऑक्सफर्ड सातासमुद्रापार, तरी कोविशील्ड झालीच ना? झाली. पण त्या दोघांचं मलेरियाच्या लशीवरचं काम कोविडच्या आधीपासून चालू होतं, म्हणजे ओळख आणि विश्वास तयार होता. चाकणच्या फोक्सवॅगनलाही जर्मनीतलं मुख्यालय वोल्फ्सबर्ग लांब नाही, कारण घर एकच. मोठ्यांना अंतर परवडतं. भोसरीत वीस-पंचवीस कामगारांवर शेड चालवणाऱ्याला ते परवडत नाही. त्याच्याकडे आरअँडडी म्हणजे संशोधन-विकास विभाग नसतो, आणि प्राध्यापकाला भेटायला शिवाजीनगरला यायचं तर नाशिक फाट्यापासूनच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जातो. म्हणून तो येतच नाही.

मी धातुशास्त्र शिकवतो, त्यामुळे जवळून पाहिलेली गोष्ट सांगतो. एका लघुउद्योजकाच्या पिना हार्डनिंगनंतर, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केल्यावर, तडकत होत्या. नमुने आमच्याकडे आले, कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्टीलची ग्रेड बरोबर होती, हार्डनेस मात्र जागोजागी वेगळा. रिपोर्ट गेला, तडे थांबेनात. मग माझा एक सहकारी शेडवर गेला. पावसाळ्याचे दिवस, आणि क्वेंचिंगच्या, म्हणजे तापलेला माल बुडवून थंड करायच्या, तेलाच्या टाकीवरचाच पत्रा गळत होता! तेलात पाणी उतरलं की माल एकसारखा थंड होत नाही. कुठे मऊ राहतो, कुठे तडकतो. पत्रा गळतो हे कुठल्याच फॉर्ममध्ये लिहायचं नसतं. ते तिथे उभं राहिल्यावरच दिसतं. पुढे टाकीशेजारी उभ्याउभ्याच तेलाच्या निवडीवर बोलणं निघालं आणि त्यातून एका विद्यार्थ्याला एम.टेक.चा विषय मिळाला.

एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलन यांनी 1970च्या दशकात मोजून दाखवलं होतं, की दोन इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांचं कामाचं बोलणं झपाट्यानं घटतं. 50 मीटरपलीकडे तर ते जवळजवळ संपतं. एकाच संस्थेतल्या माणसांची ही गत, तर शिवाजीनगर आणि चाकणचं काय?

जवळ असल्याचा फायदा आपल्याच शहरात दिसतो. पाषाण रस्त्यावर एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात 2007 पासून व्हेंचर सेंटर हे नवउद्योगांना आधार देणारं केंद्र आहे. तिथल्या नवउद्योजकाला प्रयोगशाळेतलं उपकरण आणि ते चालवणारा माणूस, दोन्ही हाकेच्या अंतरावर मिळतात. शेजारीच आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. विज्ञानाच्या स्टार्टअपसाठी ही सोय फार मोलाची आहे. भोसरी-चाकणच्या लोखंडातल्या धंद्यासाठी अशी जागा कुठे आहे? एआरएआय ही वाहन संशोधन संस्था चाकणला पोचली, चांगलंच झालं, पण तिथलं काम मुख्यतः वाहनांच्या चाचण्यांचं.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मिळून एमआयडीसीत एक गाळा घ्यावा. एक सूक्ष्मदर्शक, एक हार्डनेस टेस्टर, चहाची सोय. प्रत्येक विभागाच्या प्राध्यापकानं आठवड्यातला एक ठरलेला दिवस तिथे बसावं, सोबत पीएच.डी.चे विद्यार्थी. आणि विद्यापीठानं तो दिवस वर्कलोडमध्ये लेक्चरइतकाच धरावा. हे शेवटचं झालं नाही, तर पहिल्या सेमिस्टरनंतर गाळ्याला कुलूप लागेल.