आयव्ही नेमकी किती?

एखाद्या शेअरची आयव्ही, म्हणजे त्याच्या ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याच्या वा विकण्याच्या हक्काच्या) भावात बाजाराने गृहीत धरलेली अस्थिरता, किती आहे, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. ट्रेडिंग प्लॅटफॉर्मवर शेअरच्या नावाशेजारी ‘३२ टक्के’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि वाचणाऱ्याचे समाधान होते. हे समाधान ऑप्शन चेन, म्हणजे त्या शेअरच्या ऑप्शनांची यादी, उघडेपर्यंत टिकते. तिथे प्रत्येक स्ट्राइकची, म्हणजे हक्कातल्या ठरलेल्या भावाची, आयव्ही स्वतंत्र, त्यातही कॉलची (खरेदीच्या हक्काची) निराळी आणि पुटची (विक्रीच्या हक्काची) निराळी, आणि वरच्या बत्तिसाला त्यांतली एकही ओळख देत नाही. तो बत्तीसचा आकडा बहुधा चालू भावाजवळच्या अनेक ऑप्शनांचा मेळ घालून, तीस दिवसांच्या मुदतीला बेतून काढलेला असतो. त्या आकड्याचा ऑप्शन कोणालाही विकत घेता येत नाही. शिवाय तो वार्षिक असतो, हे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. वर्षातल्या २५२ व्यवहार-दिवसांचे वर्गमूळ साधारण सोळा, त्याने भागले की बत्तीस टक्क्यांचा अर्थ दिवसाला सुमारे दोन टक्क्यांची हालचाल, इतका माफक निघतो.

खरी गंमत पुढे आहे. आयव्ही कोणी मोजत नाही. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्लॅक-शोल्स सूत्रात अस्थिरता घातली की भाव मिळतो; इथे भाव आधीच हाती असतो, म्हणून जुडग्यातली एकेक किल्ली लावून पाहावी तसा संगणक अस्थिरतेचा एकेक अंदाज लावत जातो आणि जो भावाशी जुळेल तो पडद्यावर छापतो. पण भाव कोणता? कोणी बिड (घेणाऱ्याने देऊ केलेला भाव) आणि आस्क (विकणाऱ्याने मागितलेला भाव) यांचा मध्य घेतो, तर कोणी शेवटच्या सौद्याचा भाव. आणि तो सौदा सकाळी झालेला असून शेअर दुपारपर्यंत बराच सरकला असेल, तर दिसणारी आयव्ही ही सकाळ आणि दुपार यांची खिचडी असते. ज्याची स्ट्राइक चालू भावाच्या फार खाली आहे अशा कॉलचा भाव कधी त्याच्या अंगभूत मूल्याहूनही (चालू भाव वजा स्ट्राइक) खाली दिसतो. मग कोणतीच किल्ली लागत नाही आणि प्लॅटफॉर्म निर्विकारपणे शून्य लिहितो. अजिबात न हलणारा शेअर मी बाजारात पाहिलेला नाही, ऑप्शन चेनमध्ये मात्र तो नेहमी भेटतो. एक्सपायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या, दिवशी उलट टोक गाठले जाते: उरलेला काळ नगण्य झाल्यामुळे किरकोळ प्रीमियमसुद्धा (ऑप्शनचा भाव) शेकडो टक्क्यांची आयव्ही दाखवतो.

एवढ्यावर न थांबता प्लॅटफॉर्म ही आयव्ही स्वस्त की महाग, हेही सांगतो, आणि त्यासाठी त्याने नेमलेल्या रँक (वर्षाच्या नीचांकापासून उच्चांकापर्यंतच्या अंतरात आजचा आकडा किती टक्के वर आहे) आणि पर्सेंटाइल (वर्षातल्या किती टक्के दिवशी आयव्ही आजच्याहून कमी होती) या दोन सल्लागारांत विळ्याभोपळ्याचे सख्य असते. वर्षभरातला नीचांक २० आणि एखाद्या निकालाच्या दिवशी गाठलेला उच्चांक ८० असेल, तर आजच्या ३२ ची रँक फक्त २० भरते; पण वर्षातल्या बहुतेक दिवशी आयव्ही ३२ च्या खालीच राहिली असेल, तर तिचे पर्सेंटाइल सहज ८५ दाखवू शकते. पहिला म्हणतो ऑप्शन घ्या, दुसरा म्हणतो विका.

शेवटी मी एकाच स्ट्राइकची आयव्ही, एकाच प्लॅटफॉर्मवर, तिच्याच कालच्या आकड्याशी ताडून पाहायची, असा नेम केला. तो सुरळीत चालला असताना प्लॅटफॉर्मने आयव्हीच्या गणनेची पद्धत अधिक अचूक केल्याची आनंदवार्ता कळवली. कालचा आकडा त्या पद्धतीने पुन्हा काढला आहे की नाही, याबद्दल तीत अवाक्षर नाही.